निरीक्षणगृहाचं निरीक्षण कोण करतं?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने एका दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला. जामिनाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती, आणि तो निबंध पुढे कित्येक आठवडे घरोघरी, लोकलमध्ये, बातम्यांच्या चर्चांत गाजत राहिला.

लोकांची चीड रास्त होती. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूला पडला: हा आदेश देणारं बाल न्याय मंडळ कोणाला जबाबदार आहे? ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने या मंडळातल्या दोन अशासकीय सदस्यांची नेमणूक रद्द केली. तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच समजलं की तिथे न्यायाधीशाखेरीज आणखीही कोणी बसतं, आणि त्यांना जाब विचारता येतो.

एका आदेशावर आपण तुटून पडलो. राज्यातल्या बाकीच्या मुलांचं काय चाललंय, त्यांना ठेवतात त्या जागा कशा आहेत, तिथे समुपदेशक येतो का, प्रकरणं वेळेत निकाली निघतात का, हे रोजच्या रोज कोण बघतं? उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे, पण समजायला अवघड नाही.

आधी चार शब्द

१८ वर्षं पूर्ण होण्याआधी ज्याच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप आहे, त्याला कायदा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द जड आहे, पण मुद्दाम घडवलेला आहे. ‘बालगुन्हेगार’ म्हटलं की शिक्का बसतो, आणि आरोप तर अजून सिद्धही झालेला नसतो. पुढे मी नुसतं ‘मूल’ किंवा ‘मुलगा’ म्हणेन.

अशा मुलाचं प्रकरण चालतं ‘बाल न्याय मंडळा’समोर. त्यात एक न्यायदंडाधिकारी असतात आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. त्या दोघांपैकी निदान एक महिला असावीच लागते.

चौकशी सुरू असताना मुलाला घरी पाठवणं शक्य नसेल, तर त्याला ठेवतात ते ‘निरीक्षणगृह’. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘रिमांड होम’च आहे. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत ही गृहं जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना चालवतात. मुलाच्या घरची, शाळेची, संगतीची माहिती काढून मंडळापुढे अहवाल ठेवणारा तो ‘परिविक्षा अधिकारी’.

आणखी एक शब्द ‘जिल्हा बाल संरक्षण कक्ष’. जिल्ह्यात मुलांसाठी असलेल्या सगळ्या यंत्रणांना जोडणारं हे सरकारी कार्यालय.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. ‘बाल कल्याण समिती’ वेगळी आणि बाल न्याय मंडळ वेगळं. टाकून दिलेलं, हरवलेलं, छळ सोसलेलं मूल समितीपुढे जातं. गुन्ह्याचा आरोप असलेलं मंडळापुढे. बातम्यांत या दोन्हींची सर्रास अदलाबदल होते.

एका मुलाचा रस्ता

समजा, १६ वर्षांच्या एका मुलाने मोबाइल चोरल्याचा आरोप आहे. पोलीस त्याला ‘अटक’ करत नाहीत, ‘ताब्यात घेतात’. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असला पाहिजे, आणि मूल त्याच्याकडे सोपवलं गेलं पाहिजे. २४ तासांच्या आत त्याला मंडळापुढे उभं करायचं. त्या दिवशी मंडळ बसलेलं नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. पुण्यातला तो गाजलेला आदेश एकट्या सदस्याने दिला होता, तो असाच. अंतिम निकालाच्या वेळी मात्र न्यायदंडाधिकाऱ्यांसह किमान दोघे हजर असावे लागतात.

मग जामीन. इथे मोठ्यांच्या कायद्याहून उलटा हिशेब आहे: जामीन हा नियम, नकार हा अपवाद. सुटल्यावर मूल सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्या जिवाला वा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असं वाटलं तरच नकार देता येतो, आणि त्याची कारणं लिहावी लागतात. जामिनाची अट घरच्यांना सात दिवसांत पूर्ण करता आली नाही, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अट बदलून घ्यायची, असंही कायद्यात आहे. गरिबाचं पोर केवळ जामीनदार मिळाला नाही म्हणून आत अडकू नये, यासाठी ही तरतूद.

पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपास अहवाल. चार महिन्यांत चौकशी पूर्ण. फार तर आणखी दोन महिने. शेवटी आरोप खरा ठरला तर समज देऊन सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, दंड, परिविक्षेवर (म्हणजे देखरेखीखाली) सुटका किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं ‘विशेष गृहा’त ठेवणं, यांतला एखादा आदेश.

आता हाच रस्ता पुन्हा एकदा पाहा. निर्णय मंडळाचा. पण मुलाला आणायला वाहन कोणाचं? परिविक्षा अधिकाऱ्याची जागा भरलेली आहे की एकाच माणसाकडे दोन तालुके आहेत? निरीक्षणगृहात रात्री किती कर्मचारी असतात? तेरा वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांचा तरुण एकाच खोलीत झोपतात का? समुपदेशन करा असा आदेश निघाला, पण जिल्ह्यात समुपदेशकच नसेल तर तो आदेश कागदावर राहतो. हा सगळा भाग प्रशासनाचा आहे, आणि खरी देखरेख इथे लागते.

मग लक्ष ठेवणारे किती?

कायद्याच्या पुस्तकात बघाल तर चिक्कार. २०१५ चा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यानुसार मंडळाने स्वतः दर महिन्याला निदान एकदा या गृहांना भेट द्यायची. त्याशिवाय राज्य आणि जिल्हा पातळीवर तपासणी समित्या. त्यांनी तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक संस्थेत जायचं. पथकात किमान तिघे, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. भेटीनंतर आठवड्यात अहवाल, आणि अहवालानंतर महिन्याभरात कारवाई.

मंडळापुढे किती प्रकरणं तुंबली आहेत, हे मुख्य न्यायदंडाधिकारी दर तीन महिन्यांनी पाहतात. राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्याध्यक्षांच्या समितीने दर सहा महिन्यांनी तोच आढावा घ्यायचा. बाल हक्क संरक्षण आयोगाचं लक्ष आहेच.

२०२१ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून आणखी एक मोठा बदल लागू झाला. जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपण ज्यांना जिल्हाधिकारी म्हणतो, त्यांना या व्यवस्थेच्या मध्यभागी आणलं गेलं. मुलांच्या संस्थेला नोंदणी देण्याआधी त्यांची शिफारस विचारात घ्यायची. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती, बाल न्याय मंडळ, विशेष बाल पोलीस पथक आणि या संस्था यांच्या कामाचं स्वतंत्र मूल्यमापन त्यांनी करायचं. मुलाच्या हितासाठी गरज पडेल तेव्हा ते मंडळाकडूनही माहिती मागवू शकतात.

म्हणजे जिल्हाधिकारी न्यायाधीशावर साहेब झाले का?

ही शंका वकिलांनी आणि या क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांनी गंभीरपणे मांडली आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. प्रशासनाने न्यायाच्या कामात बोट घालणं कधीच बरं नाही.

फरक समजायला शाळेचं उदाहरण घेऊ. उत्तरपत्रिका तपासणं शिक्षकाचं काम. शाळा व्यवस्थापन समिती येऊन ‘याला चार गुण वाढवा’ म्हणू शकत नाही. पण ‘उत्तरपत्रिका तीन महिने तपासून का झाल्या नाहीत?’, ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी का नाही?’, ‘गणिताच्या शिक्षकांची जागा वर्षभर रिकामी का?’ हे विचारणं समितीचं कर्तव्यच आहे.

तसंच इथे. ‘या मुलाला जामीन का दिला?’ हा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांनी विचारायचा नाही. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात (हे मंडळाच्या वरचं, वेगळं न्यायालय) अपील करायचं; वाट तिकडची. ‘गेल्या तिमाहीत किती प्रकरणं चार महिन्यांच्या पुढे गेली, आणि त्यासाठी तुम्हाला आमच्याकडून काय कमी पडतंय?’ हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा प्रशासनाकडेच परत येतं: लिपिक नाही, अहवाल आला नाही, पोलिसांनी कागद दिले नाहीत.

माझं मत विचाराल तर ही मधली रेघ कायद्याने पुरेशी ठळक आखलेली नाही. ‘माहिती मागवणं’ आणि ‘दबाव आणणं’ यांच्यात अंतर थोडं आहे, आणि ते सांभाळणं त्या-त्या अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलं आहे. त्यामुळे मागवलेली माहिती लेखी असावी आणि तिची प्रत मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जावी, एवढं पथ्य प्रत्येक जिल्ह्यात पाळलं गेलं पाहिजे.

सरपंच आणि नगरसेवकांचा इथे काय संबंध?

जिल्हाधिकारी सरकारने नेमलेले. आपण निवडून दिलेल्या माणसांचं काय?

तुलनेसाठी एक गोष्ट सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९८ च्या कायद्याने हे काम थेट स्थानिक परिषदांकडे सोपवलं. पोलीस, शिक्षण, आरोग्य आणि परिविक्षा विभागांची माणसं एकत्र बसवून अशा मुलांसाठी पथक उभं करायचं, ही परिषदेची कायदेशीर जबाबदारी. काम ढिसाळ झालं तर निवडून आलेले सदस्य सभेत उभे राहून विचारू शकतात.

आपल्याकडे तसं नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या विषयांची जी २९ कलमी यादी दिली, तिच्यात ‘महिला व बाल विकास’ आहे. जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण समितीही असते. पण निरीक्षणगृह आणि मंडळ राज्याच्या महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत येतात. सगळी साखळी मंत्रालयातून पुण्याच्या आयुक्तालयात आणि तिथून जिल्ह्याच्या कार्यालयात. सरपंच त्या साखळीत कुठेच नाही.

त्याची जागा आहे ती साखळीच्या दोन्ही टोकांना, मूल आत जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर. गावोगावी ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडीताई सचिव. शहरांत तशाच प्रभाग पातळीवरच्या समित्या. बहुतेक गावांत या समितीचं नाव फलकावर दिसतं, बैठकीचं इतिवृत्त मात्र मागितलं की शोधाशोध सुरू होते.

आणि तरीही हीच समिती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आठवीत शाळा सुटलेला, दिवसभर नाक्यावर उभा राहणारा मुलगा पोलिसांच्या नोंदीत यायला अजून वर्ष असतं. गावाला तो आजच माहीत असतो. निरीक्षणगृहातून परत आलेल्या मुलाला शाळेने दारातून परतवलं, तर ते मंडळाला कळत नाही. अंगणवाडीताईंना दुसऱ्या दिवशी कळतं. आरोप सिद्ध झाला तरी त्यामुळे मुलाच्या पुढच्या आयुष्यात अपात्रता येऊ नये, असं कायद्याने ठरवलं आहे. बाल न्यायालयात मोठ्यांप्रमाणे ज्यांचा खटला चालतो ती मोठी मुलं एवढाच त्याला अपवाद. पण शाळेच्या दाखल्यावर कोणी काही लिहिलं, गावात कोणी टोमणे मारले, तर ते थांबवायला कोर्ट येत नाही.

लक्ष ठेवणारे इतके, मग दिसत का नाही?

बिहारमधलं मुझफ्फरपूरचं उदाहरण आठवल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. ते गुन्ह्याचा आरोप असलेल्यांसाठी नव्हतं, आसरा नसलेल्या मुलींसाठीचं बालिकागृह होतं. कायदा मात्र हाच. एक संस्था ते सरकारी पैशावर चालवत होती. तिथे मुलींवर होणारे अत्याचार उघड झाले ते टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या गटाने राज्यभरातल्या संस्थांचं सामाजिक अंकेक्षण (सोशल ऑडिट) केलं तेव्हा. २०१८ मध्ये देश हादरला. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं. त्यांत बाल कल्याण समितीचे माजी अध्यक्ष होते, बाल संरक्षणाचं काम पाहणारा अधिकारीही होता.

हे वाक्य मी लिहिताना थांबले होते. ज्यांनी लक्ष ठेवायचं, तेच.

मग बाहेरून आलेल्या गटाला काय वेगळं सुचलं? ते मुलींशी बोलले. नेहमीच्या तपासणीत नोंदवही, धान्याचा साठा, आग विझवण्याचं यंत्र आणि सही तपासली जाते. पथक येणार हे आधी कळलेलं असतं, चादरी बदललेल्या असतात. मुलांशी बोलणं होतं ते अधीक्षकांच्या समोर: ‘काय रे, जेवण बरं मिळतं ना?’ आणि मूल ‘हो’ म्हणतं. अशा तपासणीतून काही सापडलं नाही, याचा अर्थ काही घडलं नाही असा होत नाही.

दुसरं कारण रिकाम्या जागांचं. माहिती अधिकाराच्या अर्जांतून आकडे गोळा करून न्यायव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ या उपक्रमाने २०२५ मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात मंडळांपुढची निम्म्याहून अधिक प्रकरणं प्रलंबित होती, आणि जवळपास दर चार मंडळांपैकी एकात पूर्ण पीठच नव्हतं. नेहमीच्या न्यायालयांतली प्रलंबित प्रकरणं आपण घरबसल्या संकेतस्थळावर पाहू शकतो. बाल न्याय मंडळांसाठी तशी एकत्रित, खुली नोंद नाही. आकडाच समोर नसेल तर जाब कशाचा विचारणार?

‘एवढे लाड कशाला? सरळ तुरुंगात टाका’

हा आक्षेप रागातून येतो, आणि ज्याच्या घरातला माणूस गेलाय त्याच्या रागाला उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही. पण दोन गोष्टी नोंदवायला हव्यात.

पहिली: कायदा सगळ्या मुलांना एकाच मापाने मोजत नाही. २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर झालेल्या २०१५ च्या कायद्यानुसार, १६ ते १८ वयाच्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षा असलेल्या निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची प्राथमिक तपासणी करतं आणि प्रकरण मोठ्यांप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. ही तपासणी सोपी नाही. त्या वेळी मुलाला परिणामांची समज किती होती, हे ठरवायचं असतं. मंडळात बाल मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यायलाच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं. मग आपल्या जिल्ह्यात असा तज्ज्ञ उपलब्ध आहे का? पुन्हा प्रश्न प्रशासनाच्या दारात येऊन उभा राहतो.

दुसरी गोष्ट पीडितांच्या बाजूची. किरकोळ गुन्ह्याची चौकशी मुदतवाढीनंतरही सहा महिन्यांत पूर्ण झाली नाही तर ती बंद करावी लागते. कर्मचारी नाहीत, अहवाल उशिरा आला, मंडळ अपुरं होतं, या कारणांनी प्रकरण संपलं तर ज्याची वस्तू चोरीला गेली, ज्याला मार बसला, त्यालाही काहीच मिळालं नाही. ढिसाळ मंडळ मुलावर मेहेरबान असतं हा समज चुकीचा आहे. ते दोघांनाही वाऱ्यावर सोडतं.

मुलाचं नाव गुप्त, मग हिशेब कसा मागायचा?

मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे बंधन योग्यच आहे, आणि मोबाइलवर फोटो पुढे ढकलणाऱ्या आपल्या सगळ्यांना ते लागू आहे.

पण या कलमाचा आडोसा करून कार्यालयं कधीकधी सगळंच झाकून ठेवतात. गुप्त आहे ते नाव, पत्ता, शाळा, फोटो. मंडळाच्या गेल्या वर्षीच्या बैठका किती झाल्या, चार महिन्यांपेक्षा जुनी प्रकरणं किती, मंजूर पदांपैकी किती भरलेली, तपासणी समिती कोणत्या तारखांना गेली, तिने सुचवलेल्यापैकी काय झालं, यांत कुठल्याच मुलाची ओळख नाही. ही माहिती जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातून माहिती अधिकाराखाली मागता येते. ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठकांचा हिशेब तर ग्रामसभेत उभं राहून तोंडी विचारता येतो.

आणखी एक गोष्ट विचारा. या कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे प्रत्येक गृहात मुलांसाठी सूचनापेटी लावायची असते. ती कार्यालयापासून लांब आणि मुलांच्या राहण्याच्या जागेजवळ असावी, म्हणजे चिठ्ठी टाकताना कोणी बघणार नाही. किल्ली असते त्या गृहाच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे. पुढच्या तपासणीत पथकाने नोंदवहीच्या आधी ती पेटी कुठे टांगली आहे ते बघावं, शेवटची कधी उघडली ते विचारावं, आणि आत निघालेल्या चिठ्ठ्या अधीक्षकांना खोलीबाहेर बसवून वाचाव्यात.